स्लो कुकर घेण्याआधी घरची लाइन ओळखा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दर्यापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहात. सकाळी नऊला घर सोडता ते तीन-साडेतीनला परत येता. सासूबाईंचे दात गेलेत, त्यांना सगळं गाळ शिजलेलं लागतं. पुण्याचा भाऊ भाऊबीजेला स्लो कुकर घेऊन देतो म्हणतो. तो कोणता घ्यावा, किती लिटरचा, त्यात तुरीचं वरण होतं का, आणि मध्येच लाइन गेली तर काय करायचं.

मी दारव्ह्याजवळच्या एका गावात मेस चालवते. बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली मिळून वीसेक माणसं दोन्ही वेळा जेवतात. नऊ वर्षांपासून माझ्या स्वयंपाकघरात स्लो कुकर आहे, आता दोन आहेत. एक उसळीचा, एक मटणाचा. म्हणून सगळं नीट सांगते, जरा लांबेल.

आधी हे भांडं काय आहे ते समजून घ्या. जाड चिनीमातीचं एक खोल भांडं, त्याच्या बाहेरून धातूचं कवच, आणि त्या कवचाच्या आत भांड्याच्या कडेकडेनं फिरवलेली तापणारी तार. वरून काचेचं झाकण. शिट्टी नाही, रबर नाही, दाब नाही. अन्न काही तासांत हळूहळू उकळीच्या जरा खालपर्यंत येतं आणि मग तिथेच राहतं. बटणावर ‘लो’ आणि ‘हाय’ असे दोन टप्पे असतात. नवीन माणसाला वाटतं की हायवर अन्न जास्त तापतं. बहुतेक कुकरमध्ये दोन्हीवर शेवटची उष्णता जवळजवळ सारखीच असते, हायवर तिथे लवकर पोचतं एवढंच. तिसरा ‘वॉर्म’ हा टप्पा शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे. त्यावर कच्चं काहीही शिजवायचं नाही.

आपल्याला हे काही परकं नाही. माझी आजी चुलीच्या बाजूच्या वैलावर हरभऱ्याचं पातेलं, आम्ही त्याला गंज म्हणतो, ठेवायची, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, जाळ ओढून घ्यायची, निखारे तेवढे ठेवायची आणि निंदायला निघून जायची. दुपारी आली की दाणा बोटात धरला तरी फुटायचा. ज्यानं विजेवरचं हे भांडं काढलं त्या अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सनची गोष्टही अशीच आहे. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नियसची. तिथले ज्यू लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या त्यांच्या पवित्र दिवशी, चूल पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवडा-मटणाचं भांडं गावातल्या पाववाल्याच्या विझत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून खायचं, असं तिनं त्याला सांगितलं होतं. त्यावरून त्यानं भांडं बनवलं, १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीनं तेच ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आणलं. विझत्या भट्टीचं आणि वैलाचं काम एकच, मंद आच आणि मोकळी झालेली बाई.

फरक एवढाच की निखारे आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि लाइन आपल्या हातात नसते. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते.

पहिल्या वर्षीची गोष्ट आहे. मे महिना. सकाळी आठला मोड आलेली मटकी साध्या पाण्यात लोवर लावली आणि एका लग्नाला गेले. चार वाजता आले तर भांडं गरम, वाफ येत होती, मटकी शिजलेली. चव किंचित आंबूस लागली. मला वाटलं टोमॅटोनं असेल. रात्री मुलाला आणि सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. सासऱ्यांना तर सलाइन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी पीठगिरणीवाले दादा सहज बोलले की काल साडेनऊपासून एकपर्यंत लाइन नव्हती, दळणं तशीच पडली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोमट झालेली मटकी साडेतीन तास उन्हाळ्याच्या उकाड्यात तशीच बसली, मग लाइन आली, कुकर आपोआप सुरू झाला आणि मी यायच्या आत सगळं पुन्हा गरम झालं. बघणाऱ्याला काही कळायला मार्गच नव्हता.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा, त्यात अन्न असलं की जंतू झपाट्यानं वाढतात. काही जंतू असं विष सोडतात की ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणून ‘उकळून घेऊ, काही होत नाही’ हे इथे चालत नाही. माझा नियम आता पक्का आहे. लाइन गेली तेव्हा मी घरी असेन तर लगेच सगळं गंजात ओतून गॅसवर पूर्ण शिजवून घेते. घरी नसेन आणि लाइन किती वेळ गेली ते कळलं नाही, तर फेकून देते. मटण असलं तरी फेकते. पदार्थ पूर्ण शिजून झाल्यावर लाइन गेली असेल तर झाकण न उघडता ठेवलेलं भांडं बराच वेळ उष्णता धरतं. माझ्या ६ लिटरच्या भरलेल्या भांड्यात दीड तासानंतरही ७० अंशांच्या वर तापमान मी मोजलेलं आहे. तरी दोन तासांच्या आत खाते किंवा गॅसवर खळखळून उकळते, आणि मे-जूनमध्ये तर एकच तास धरते. बाहेरून आले की आधी गिरणीवर विचारते. गावात लाइन कधी गेली आणि कधी आली हे गिरणीवाल्याइतकं नेमकं कोणाला माहीत नसतं.

लाइन जाण्याइतकाच त्रासदायक प्रकार म्हणजे लाइन असून कमी असणं. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, कारण ती माहितीपत्रकं शहरासाठी लिहिलेली असतात. २०० वॅटचा कुकर २३० व्होल्टला २०० वॅट असतो. व्होल्टेज कमी झालं की ताकद त्याच्या वर्गाच्या हिशेबानं उतरते. १८० व्होल्ट आले तर तो जेमतेम १२२ वॅटचा राहतो, म्हणजे ताकद चाळीस टक्क्यांनी गेली. बल्ब थोडा मंद दिसतो, पण भांडं मात्र तीन तासांत जिथे पोचायचं तिथे पाच-सहा तासांतही पोचत नाही. आपल्याकडे हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की काही गावांत असंच होतं. तुमच्या फ्रिजला स्टॅबिलायझर असेल तर त्यावर आकडा दिसतो. आठवडाभर सकाळी नऊ, दुपारी बारा, दोन असे आकडे वहीत लिहून ठेवा. २०० च्या वर राहत असेल तर निर्धास्त घ्या. १८०-१९० च्या आसपास घुटमळत असेल तर लो हा टप्पा विसरा, सगळं हायवर करा. त्याच्याही खाली जात असेल किंवा तुमच्या कामाच्या वेळेतच रोज दोन-तीन तास लाइन जात असेल, तर भावाला दुसरं काही घ्यायला सांगा. हे मी मनापासून सांगते, कारण तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि जुलाब-उलट्यांचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो.

इन्व्हर्टरवर चालवू का, असं पुष्कळ जणी विचारतात. २०० वॅट आठ तास म्हणजे १.६ युनिट. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर सगळं मिळून १.८ युनिट असतात. पंखा आणि दिवा दोन्ही जातील आणि बॅटरी लवकर म्हातारी होईल. छतावर बॅटरीशिवायचं सोलर बसवलं असेल तरी ते ग्रीडला जोडलेलं असतं, बाहेरची लाइन गेली की तेही बंद पडतं.

शेतात वस्तीवर राहणाऱ्यांनी, ज्यांची वीज शेतीच्या फिडरवरून, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनीवरून, पाळीनं येते, त्यांनी स्लो कुकर घेऊच नये. त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे आणि मी ती अजूनही करते. मोठ्या टोपलीत जुनी गोधडी अंथरायची, वर जुन्या उशीतला कापूस दाबून भरायचा, मध्ये गंजाएवढी जागा ठेवायची. भिजवलेले मूग किंवा तांदळाची खिचडी गॅसवर दहा-पंधरा मिनिटं चांगली उकळायची, घट्ट झाकण लावून तो गंज टोपलीत बसवायचा आणि वरून दुसरी गोधडी. दोन-अडीच तासांत शिजतं. गंज गच्च भरलेला पाहिजे, अर्धा असेल तर लवकर निवतो. मटण यात करू नका. आणि टोपली चुलीपासून लांब ठेवा, कापूस आहे.

आता घ्यायचं कोणतं. भावाला सांगा, गोल फिरवायच्या बटणाचं साधं घ्यायचं. आकडे दाखवणारं, टायमरवालं महाग असतं आणि आपल्याला अडचणीचं. लाइन जाऊन आली की त्यातले बरेचसे बंदच राहतात, तुम्ही तीनला घरी याल तर अन्न थंडगार. साधा कुकर लाइन आली की पुन्हा सुरू होतो. त्यातली खोट वर सांगितलीच आहे, पण एक-दोनदा पाच-दहा मिनिटांसाठी लाइन जाणं आपल्याकडे रोजचंच, तेवढ्यासाठी तरी साधा बरा. शिवाय तो बिघडला तर तालुक्याचा कोणताही वाइंडिंगवाला उघडून पाहू शकतो. आत एक तार आणि एक स्विच, बाकी काही नाही. सकाळी कच्चं भरून ठेवायचं आणि दुपारी आपोआप सुरू करायचं, हा जो उशिरा सुरू होण्याचा टायमर असतो, तो आपल्या उन्हाळ्यात कोणी वापरू नये.

चार माणसांना ३.५ लिटरचा पुरतो. लिहिलेले लिटर काठोकाठचे असतात, भरायचं मात्र अर्ध्याच्या वर आणि पाऊण भागाच्या खाली. अर्ध्याहून कमी भरलं तर कडेला करपतं, काठोकाठ भरलं तर मधलं वेळेत तापत नाही. म्हणून ‘मोठाच घेऊन ठेवू, पाहुणे आले तर’ असं करू नका. सहा लिटरमध्ये तीन माणसांची भाजी रोज वाया जाईल. आकार गोल घ्या. लांबट आकार अख्खी कोंबडी ठेवण्यासाठी असतो, आपला स्वयंपाक रश्शाचा आहे.

वीज २३० व्होल्टची लिहिलेली आहे ना हे खालच्या पट्टीवर वाचा. आमच्या एका नातेवाइकांकडे मुलानं अमेरिकेतून कुकर आणला, तिथली वीज १२० व्होल्टची. आपल्या सॉकेटमध्ये लावला तेव्हा साडेतीन पटीहून जास्त ताकदीनं तापला आणि दहा मिनिटांत धूर. घर वाचलं ते बाई स्वयंपाकघरातच उभी होती म्हणून. तीन पिनचाच प्लग हवा आणि घराला अर्थिंग जिवंत हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत जा. अँपिअर फार लागत नाही, साधं सहा अँपिअरचं सॉकेट पुरतं, पण ढिल्या एक्स्टेंशन बोर्डावर आठ तास ठेवून घर सोडायचं नाही. सॉकेट घट्ट, भिंतीतलं, आणि कुकर ओट्यावर कडेपासून आत.

पार्सल आलं की डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडा. मातीचं भांडं उजेडात धरून आतला चकचकीत थर बोटानं चाचपा. कुठे केसासारखी चीर, टवका? मग परत. बोटाच्या पेरानं टिचकी मारा, आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर आत तडा आहे. झाकण ठेवून हलवा, डुगडुगायला नको. नुसतं भांडं सुटं मिळतं का हे आधीच विचारून घ्या, कारण कुकर वर्षानुवर्षं टिकतो, फुटतं ते भांडं.

पहिल्या दिवशी त्यात अन्न करू नका. अर्ध्याच्या जरा वर साधं पाणी भरा आणि ज्या वेळेला तुम्ही घराबाहेर असता त्याच वेळेला, घरी असताना, लोवर आठ तास ठेवा. मध्ये झाकण उघडायचं नाही. आठ तासांनी झाकण काढल्याबरोबर स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंशांच्या मध्ये आकडा आला पाहिजे. ८५ च्या खाली आला तर तुमच्या घरी लो चालणार नाही, हायवर पुन्हा हीच परीक्षा घ्या. थर्मामीटर स्वस्त मिळतो, भावाला सोबतच पाठवायला सांगा. कंपनीनं काय लिहिलं त्यापेक्षा तुमच्या गावच्या लाइनीवर तुमचं भांडं किती तापतं हेच तुम्हाला कळायला पाहिजे.

तुरीचं वरण होतं. पण त्यासाठी स्लो कुकर लावू नका. प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत होणाऱ्या वरणाला इथे हायवर चार तास जातात आणि चवीत काडीचा फरक नाही. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, येतं म्हणून आणखी एक सांगते. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, दाणा तसाच उभा राहतो, कारण पाण्यातला चुना दाण्याला घट्ट धरून ठेवतो. प्रेशर कुकर दाबानं ते निभावून नेतो, स्लो कुकर नाही नेत. कडधान्य लावताना पिण्याचं, म्हणजे नळ योजनेचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. नसेलच तर भिजवण्याच्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घाला आणि ते पाणी फेकून द्या. आंबटही तसंच. चिंच, टोमॅटो, अंबाडी आधी घातली की दाणा शिजायचा थांबतो, ते सगळं शेवटी. मीठ आधी घातलं तर काही बिघडत नाही, उगाच घाबरतात.

सुरुवात गावरान हरभऱ्यानं करा, तो चुका पोटात घेतो. ३.५ लिटरच्या भांड्याला अर्धा किलो हरभरे रात्री भिजवा. सकाळी पाणी बदलून गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा. तोपर्यंत कुकरमध्ये तांब्याभर गरम पाणी घालून भांडं कोमट करून ठेवा, कारण थंड चिनीमातीत एकदम उकळतं ओतलं तर ते तडकतं. मग ते पाणी काढून उकळते हरभरे पाण्यासकट ओता. पाणी दाण्यांच्या वर बोटाची दोन पेरं. तेजपान, हळद, मीठ. झाकण. हायवर साडेचार-पाच तास, लोवर आठ. मी सगळं उकळतं भरते, कधीच थंड नाही. मटकीच्या त्या दिवसानंतर एकदाही नाही. उकळतं भरलं की भांडं त्या धोक्याच्या पट्ट्यातून पहिल्याच मिनिटाला बाहेर असतं आणि मग अर्धा तास लाइन गेली तरी जीव खालीवर होत नाही.

राजम्याचं मात्र नीट ऐका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते पूर्ण उकळीत दहा मिनिटांत मरतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं तर उलट वाढतं, कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे स्लो कुकरमध्ये सरळ टाकलेला राजमा दिसायला शिजलेला आणि पोटाला विष. पाच तासांहून जास्त भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात दहा मिनिटं उघड्यावर खळाळून उकळा, मगच कुकरमध्ये. वाल, पोपटाच्या शेंगांचे दाणे, घेवडा यांनाही मी हाच नियम लावते.

झाकण उघडायचं नाही, हे कोणाला पटवायला मला फार वेळ लागतो. प्रेशर कुकरवाल्या आपल्याला सवय नाही आणि कढईवाल्या सासूबाईंना तर ढवळल्याशिवाय चैन पडत नाही. काच गरम झाली की आतून थेंब जमतात, ते कडेकडेनं उतरतात आणि झाकणाच्या काठाशी पाण्याची एक बारीक रिंगण तयार होते. त्या रिंगणीनंच वाफ कोंडली जाते. झाकण उचललं की ती मोडते आणि पुन्हा जमायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. चार वेळा डोकावलं की जेवण दीड तास पुढे. काच आहेच, वरून बघा. फार वाफ धरली असेल तर झाकण न उचलता हलकेच टिचकी मारा, थेंब गळून पडतात आणि आतलं दिसतं.

वाफ बाहेर जात नाही म्हणून पाणी आटत नाही. नेहमीच्या रश्शाला जेवढं घालता त्याच्या निम्मं घाला. आणि इथे काहीही परतलं जात नाही, लाल होत नाही. कच्चा कांदा, कच्चं लसूण आणि मसाला टाकून दिला तर आठ तासांनीही मसाल्याचा कच्चा वास येतो आणि तर्री सुटत नाही. कढईत फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात कांदा-खोबरं-लसणाचं वाटण तेल सुटेपर्यंत भाजा, तिखट-मसाला त्यातच परता, मग कुकरमध्ये. अख्खा मसाला, विशेषतः लवंग आणि दालचिनी, निम्मा घ्या, दिवसभरात तो फार उतरतो.

खरं सोनं इथे आहे, चिवट मटणात. गावरान कोंबडी, बकऱ्याची मान, नळी, खूर. जे प्रेशर कुकरमध्ये एक तर चामट राहतं नाहीतर दोन शिट्ट्या जास्त झाल्या की पिंजून जातं. मांसातले पांढरे चिवट धागे मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळून चिकट रस होतात आणि मांस तुकडा न मोडता मऊ पडतं. गावरान कोंबडी उकळत्या रश्शात घालून लोवर सहा-सात तास, वर्षाच्या आतलं बकऱ्याचं मटण सात-आठ. ब्रॉयलर कोंबडी घालू नका, तीन तासांत तिचे दोरे होतात. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण कधीच थेट नाही, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवा. आलू घालायचे असतील तर ते तळाशी आणि कडेला, लहान फोडी करून. वाचून नवल वाटेल, पण स्लो कुकरमध्ये मटणापेक्षा आलू उशिरा शिजतो. वांगे शेवटच्या पाऊण तासात.

रविवारच्या पायांसाठी मी शनिवारी रात्री दहाला कुकर लावते. भाजून, खरवडून, दोनदा धुतलेले आठ खूर, आधी एक उकळी देऊन ते पाणी फेकलेलं. मग नवं उकळतं पाणी, आलं, मिरे, मीठ, हळद. रात्री आमच्याकडे व्होल्टेज चांगलं असतं आणि मी घरातच असते, म्हणून हे काम रात्रीचं. पहाटे पाचला उठले की स्वयंपाकघरात पंख्याचासुद्धा आवाज नसतो, तेवढ्यात कुकरच्या झाकणाची अगदी बारीक टकटक ऐकू येते. चमच्यानं थोडा रस्सा घेऊन निववते आणि ओठांवर ठेवते. ओठ एकमेकांना चिकटले की झालं. हाडापासून कातडं आपोआप सुटलेलं असतं, पण रस्सा गढूळ नसतो, स्वच्छ, सोनेरी. त्यावर मग सावजी पद्धतीचा झणझणीत मसाला भाजून घालते.

सासूबाईंसाठी मात्र मसाल्याआधीचा तोच रस्सा एक वाटी काढा, त्यात थोडे तूप-मिरे. आणि शाकाहाराच्या दिवशी ज्वारीच्या कण्या. एक वाटी धुतलेल्या कण्यांना पाच वाट्या उकळतं पाणी, मीठ, हायवर तीन तास. खाली लागत नाही, गुठळी होत नाही, मध्ये ढवळायला कोणी लागत नाही. वाढताना ताक किंवा दूध. दूध-दही कुकरमध्ये घालायचंच असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. गव्हाची खीर तर यातच करा. ओलवून, कांडून, फोल पाखडलेले गहू रात्रभर भिजवायचे आणि उकळत्या पाण्यात लोवर सात-आठ तास. गूळ गहू पूर्ण फुटल्यावरच, आधी घातला की दाणा टणक राहतो.

उरलेलं त्याच भांड्यात ठेवून गार करू नका. जाड माती चार-चार तास कोमट राहते आणि आपण पुन्हा त्याच धोक्याच्या पट्ट्यात. कोपरात, म्हणजे परातीत, पातळ पसरा, निवलं की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर, वाफ येईपर्यंत. स्लो कुकर गरम करायला फार वेळ लावतो, त्याला ते काम नका देऊ.

धुताना गरम भांड्यावर गार पाणी ओतायचं नाही आणि गरम भांडं थेट फरशीवर ठेवायचं नाही, खाली लाकडी पाट घ्या. तारेची घासणी नको, कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवलं की सगळं सुटतं. कवच पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि वापरात नसेल तेव्हा वायर गुंडाळून कुकर झाकणाच्या डब्यात ठेवा. धान्य घरात आलं की उंदीर येतात आणि त्यांना ही मऊ वायर फार आवडते. दर महिन्याला पूर्ण वायर बोटांमधून फिरवून पाहा.

आठ तासांना १.६ युनिट, ते तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून पाहा. रोज लावायची गरज नाही, मीही आठवड्यातून चारदाच लावते.

भाऊबीज झाली की तुमच्याकडे हरभऱ्याचं ओलित सुरू होईल आणि व्होल्टेज सगळ्यात वाईट तेव्हाच असेल. पाण्याची परीक्षा त्या आठवड्यात घ्या. तेव्हा आकडा ८५ च्या वर आला तर पुढचं वर्षभर काळजी नाही. पहिले तीन-चार वेळा रविवारीच लावा, तुम्ही घरी असताना. आणि फोडणी देण्याआधी सासूबाईंची वाटी बाजूला काढायला विसरू नका, मग बाकीच्यांना तिखट किती घालायचं आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, किती पेरायचा ते तुमच्या मनावर.